पाळकांचा पालक मेळावा

वेलांटीकाकांचा धंदाच मुळी दुसऱ्याच्या चुका काढण्याचा. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे साहेब लोकांनी जे काही अशुद्ध लिहिलं असेल ते छापण्याआधी धुऊन-पुसून द्यायचं. बरोबर छापलं गेलं की श्रेय साहेबांचं, चुकलं की मेमो काकांना. असा हा मानाचा हुद्दा. आयुष्यभर हेच केलं की माणसाची नजर कायमची वाकडी होते. काका लग्नाची पत्रिका वाचत नसत, तिच्यातल्या वेलांट्या वाचत. दफनभूमीत एका थडग्यापाशी, रडणाऱ्या नातेवाइकांच्या देखत, “‘चिरविश्रांती’तली पहिली वेलांटी चुकवलीय” असं ते पुटपुटले होते, आणि मयताच्या मेहुण्याने त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत पोचवलं होतं.

‘वेलांटीकाका’ हे नाव त्यांना चर्चच्या तरुण संघातल्या पोरांनी दिलं. ते इतकं चिकटलं की एका रविवारी खुद्द पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, व्यासपीठावरून “आमचे बंधू वेलांटी” यांचे आभार मानले, आणि सगळ्या मंडळीने गंभीरपणे “आमेन” म्हटलं.

तरुण संघ काकांच्या गळ्यात पडला त्याची कथा छोटी आहे. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या सभेत ‘तरुणांकडे कोण बघणार?’ असा प्रश्न निघाला. असा प्रश्न निघाला की पंच मंडळी एकदम छताकडे बघू लागतात, जणू उत्तर पंख्याला टांगलंय. काका नेमके त्याच क्षणी उभे राहिले. त्यांना मागच्या सभेच्या इतिवृत्तातला एक अनुस्वार दाखवायचा होता. उभा असलेला एकमेव माणूस म्हणून त्यांची एकमताने निवड झाली. अनुस्वार राहून गेला तो गेलाच.

खरं सांगायचं तर वडीलधाऱ्यांना चर्चमध्ये तरुण हवे असतात ते खुर्च्या उचलायला. उपासनेआधी मांडायला आणि उपासनेनंतर रचायला. मधल्या वेळात त्यांनी गप्प बसावं, वाढू नये, प्रश्न विचारू नयेत, आणि शक्यतो दिसूही नये. हे कुणी उघड बोलत नाही; ‘तरुण हे मंडळीचं भविष्य आहे’ असं बोलतात. भविष्य म्हटलं की आज काही करावं लागत नाही.

पण या पोरांकडे एक खोली होती.

चर्चच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला लागून असलेली ती अडगळीची खोली ज्यांनी पाहिली ते आज कुठेही असोत, डोळे मिटले तर त्यांना तिचा वास येईल: ओला चुना, जुनी गीतपुस्तकं आणि पोरांचे बूट यांचा. एका कोपऱ्यात पाय तुटलेलं जुनं व्यासपीठ. त्याच्यावर बसून काडेपेटीच्या आकाराच्या रेडिओवर सामना ऐकला जाई. भिंतीला टेकवलेली एक पायपेटी होती. तिच्या निम्म्या पट्ट्या मुक्या होत्या, त्यामुळे तिच्यावर कुठलंही गीत वाजवलं तरी ऐकणाऱ्याला मधले सूर मनातल्या मनात म्हणावे लागत. दर शनिवारी संध्याकाळी तिथे पंधरा-सोळा वर्षांची पोरं-पोरी जमत आणि भांडत. देव आहे का, असेल तर गणितात नापास का होऊ देतो, मुलींनीच चहाचे कप का धुवायचे, आईबापांना आपण नको आहोत की फक्त आपले मार्क हवे आहेत. काका मध्ये बसून सगळं ऐकत, आणि कुणी ‘मी म्हटली’ म्हणालं की फक्त तेवढंच दुरुस्त करत. पोरांना वाटे, हा एकच मोठा माणूस आहे जो आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. काका खरं तर व्याकरण ऐकत असत. पण ऐकत होते, हे महत्त्वाचं.

आणि त्या पोरांत त्यांची स्वतःची लेक होती.

ही लेक घरात वर्षभर त्यांच्याशी धड बोलली नव्हती. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. ती फक्त वयात आली होती, आणि एके दिवशी काकांनी तिने मैत्रिणीला लिहिलेली चिठ्ठी टेबलावर दिसली म्हणून सवयीने लाल शाईने तपासून ठेवली होती. त्या दिवसापासून दार बंद. जेवताना ती आईला म्हणे, “त्यांना विचार, आमटी हवी का.” ‘त्यांना’ म्हणजे समोर हातभर अंतरावर बसलेल्या बापाला. पण शनिवारी त्या खोलीत तीच लेक इतर पोरांसारखी “ओ वेलांटीकाका, तुम्हाला काही कळत नाही!” म्हणून तावातावाने भांडायची. काका आठवडाभर त्या एका वाक्यासाठी जगायचे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला न सांगता कळलं होतं.

म्हणून जेव्हा खजिनदार म्हणाले की ती खोली आता खुर्च्यांसाठी हवी, तेव्हा काकांनी हातातलं इतिवृत्त न तपासताच खाली ठेवलं.

खजिनदार हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचा माणसांपेक्षा घडीच्या खुर्च्यांवर जास्त जीव. खुर्ची मत देत नाही.

“पोरं तिथे काय करतात?” ते पंचमंडळाच्या सभेत म्हणाले. “मी खिडकीतून पाहिलं. बोलत बसलेली असतात!”

“बोलतात, हो,” काका म्हणाले.

“नुसतं?”

“चहापण पितात.”

“ऐका! आणि यांच्या आईबापांना हे माहीत आहे का? त्यांना चालतं का? मला लेखी नको, मला ते समोर दिसले पाहिजेत. पालकांना बोलवा. पालक येऊन म्हणाले की खोली राहू द्या, तर राहील. नाही आले तर महिनाअखेरीला माझ्या खुर्च्या आत.”

पाळकसाहेब मऊ स्वभावाचे होते. ते म्हणाले, “दोघांचंही बरोबर आहे.” ते नेहमी हेच म्हणत, त्यामुळे निर्णय नेहमी खजिनदारांच्या बाजूने लागे.

झालं, पालक मेळावा ठरला. काकांनी चार लोकांना विचारलं नसतं तर तो साधेपणाने झालाही असता. पण मध्यमवर्गीय माणूस घराला आग लागली तरी आधी शेजाऱ्याचं मत घेतो.

वरच्या मजल्यावरचे विमेवाले म्हणाले, “लोक भाषणाला येत नाहीत हो. खाण्याला येतात. पत्रिकेत ‘अल्पोपाहार’ ठळक टाका. एवढा ठळक की बाकीचं नाही वाचलं तरी चालेल.”

शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, “लाऊडस्पीकर लावा. लाऊडस्पीकर असला की काहीतरी महत्त्वाचं आहे असं वाटतं.”

लाऊडस्पीकर म्हटला की पोलीस ठाण्याची परवानगी. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. टेबलामागच्या हवालदाराने अर्ज वाचला.

“तरुण संघ. कुठल्या पक्षाचा?”

“पक्षाचा नाही. चर्चचा.”

“मागणी काय?”

“मागणी कसली? एक खोली राहावी, एवढंच.”

“मग मागणी आहे म्हणा की. विरोधात कोण?”

“तसं कोणी... खुर्च्या आहेत.”

हवालदाराने मान वर करून काकांकडे नीट पाहिलं. “खुर्चीचंच राजकारण असतं शेवटी,” तो समजूतदारपणे म्हणाला आणि ‘घोषणा न देण्याच्या अटीवर’ असं लिहून शिक्का मारला. काकांनी त्याच्या लिहिण्यातली एक वेलांटी दुरुस्त करायला पेन काढलं, पण समोर दंडुका होता.

आता त्या ऐतिहासिक चुकीकडे येऊ. ती समजायला पंचमंडळाच्या त्या सभेआधीच्या शनिवारी घडलेला एक प्रसंग माहीत हवा. पाळकसाहेब आजारपणातून उठून परत यायचे होते, म्हणून पोरांनी फळा रंगवला होता: ‘पालकसाहेबांचे स्वागत असो’. काकांनी तो पाहिला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“पालक? पालक म्हणजे आईबाप! पालक म्हणजे भाजी! आपले साहेब भाजी आहेत का?”

“उंटा, गप्प बस,” लेक पुटपुटली, कारण उंट नावाचा लांबलचक पोरगा “तशी तब्येत बघितली तर—” असं सुरू करत होता.

“कळपाला सांभाळतो तो पाळक. ळ! जीभ मागे वळवा जरा, मोडणार नाही. या चर्चमध्ये ‘ळ’ लिहायचा. पुन्हा माझ्या नजरेला ‘पालक’ हा शब्द पडता कामा नये! समजलं?”

समजलं. लेकीला तर फारच समजलं. कारण निमंत्रणाची सुवाच्य प्रत करायचं काम तिच्याकडे होतं, अक्षर तिचंच चांगलं. काकांनी खरडलेल्या कच्च्या मसुद्यात ‘पालक’ जिथे जिथे होतं तिथे तिथे तिने बापाची आज्ञा मानून ‘पाळक’ केलं. वर्षभरात तिने मानलेली ही बापाची एकमेव आज्ञा. बाकीच्या पोरांनी ते पाहिलं, पण ‘वेलांटीकाकांच्या नजरेखालून जाणार आहे’ म्हणून कुणी बोललं नाही.

आणि वेलांटीकाकांच्या नजरेखालून ते गेलं. त्यांनी मुद्रितावर ‘निमंत्रीत’चं ‘निमंत्रित’ केलं, ‘अल्पोपहार’चं ‘अल्पोपाहार’ केलं, एक स्वल्पविराम हुसकावला, आणि छपाईस योग्य म्हणून सही ठोकली. ‘सर्व पाळकांनी अगत्य यावे’ ही ओळ त्यांनी तीनदा वाचली. तिच्यातली एकुलती एक वेलांटी बरोबर होती. मग दिसणार काय?

पत्रिका घरोघर गेल्या. आईबापांनी वाचलं, ‘पाळक मेळावा’, आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पाळकांचं काहीतरी आहे, आपलं काय काम. उरलेला गठ्ठा पाळकसाहेबांच्या बायकोच्या, म्हणजे पाळकीणबाईंच्या, हाती लागला. पाळकीणबाई म्हणजे कामाचा झपाटा. “एवढा पाळकांचा मेळावा आपल्याकडे, आणि मला पत्ता नाही!” असं म्हणून त्यांनी आजूबाजूच्या झाडून साऱ्या चर्चच्या पाळकांना पत्रिका टपालाने धाडल्या, आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘राहण्याची सोय आहे.’

मेळाव्याच्या संध्याकाळी खोली झाडून, पायपेटी पुसून, पोरं दाराशी उभी होती. पहिली स्कूटर आली. उतरले ते पाळक.

“हे कुणाचे वडील?” काकांनी कुजबुजत विचारलं.

“माझे नाहीत,” उंट म्हणाला.

मग बसमधून तिघे उतरले. पाळक. मग रिक्षा. पाळक. एकजण वळकटी घेऊन आले होते आणि “सोय कुठे आहे?” विचारत होते. एकाने बगलेत टंकलिखित प्रवचन आणलं होतं, जाड. त्याच्याकडे बघून दुसऱ्यानेही पिशवीतून आपलं काढलं. बघता बघता खोली पांढऱ्या गळपट्ट्यांनी भरली. प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता, “विषय काय आहे?” आणि कुणालाच माहीत नसल्यामुळे सगळे चहाकडे वळले. ‘अल्पोपाहार’ ठळक छापला होता. तो ठळकपणे संपला.

आईबाप? एकही नाही. नाही म्हणायला उंटाची आई डोकावली, एवढे पाळक एकत्र बघून “कुणी गेलं का रे?” असं विचारून घाबरून परत गेली.

खजिनदार आले. त्यांनी दारात उभं राहून खोलीवर नजर फिरवली, पत्रिका चष्म्याजवळ धरली, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की लाऊडस्पीकरवाल्याने दिवा बंद केला असता तरी चाललं असतं.

“वाः! मुद्रितशोधक साहेब! जन्मभर लोकांच्या चुका काढल्यात. आता सांगा, ही कुणाची चूक?”

लेक भिंतीला पाठ लावून उभी होती. पत्रिका तिच्याही हातात होती, आणि तिचा रंग पत्रिकेसारखाच झाला होता. काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडून ते वाक्य आलं, जे छापखान्यात, घरात, कुठल्याही मेमोच्या उत्तरात कधी आलं नव्हतं.

“माझी.”

“तुमची?”

“माझी. मीच ‘ळ’ लिहिला.”

“खोटं!” लेक ओरडली. “ओ, काय खोटं बोलता? प्रत मी केली. ‘ळ’ माझा आहे!”

“तू गप्प बस. मुद्रित मी पाहिलं. सही माझी आहे.”

“पण लिहिलं मी!”

“मी सांगितलं म्हणून लिहिलंस!”

“मला स्वतःची अक्कल नाही का? मला काय गाढव समजता? तुम्ही ना, कायम असंच, आमचं काही आमचं ठेवतच नाही! चूकसुद्धा तपासून स्वतःच्या नावावर!”

“चूक कसली वाटून घ्यायची असते गं? लाडू आहे का?”

“निम्मी माझी आहे, बस्!”

एका अक्षरावरून बाप-लेक पाळकांच्या देखत असे हमरीतुमरीवर आले, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, पण वर्षभरात त्या दोघांचं एवढं लांब संभाषण झालं नव्हतं. लाऊडस्पीकर चालू होता हे नंतर कळलं. रस्त्यापलीकडच्या न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धं सोडून ऐकलं म्हणतात.

कोपऱ्यात, मोडक्या व्यासपीठावर, एक फार म्हातारे पाळक बसले होते. त्यांनी काठी आपटली. “आता आलोच आहोत,” ते म्हणाले, “तर पोरांनी जे बसवलंय ते तरी दाखवा. माझी बस अजून लांब आहे.”

पोरांनी एक नाटुकलं बसवलं होतं. आईबापांना टोचावं म्हणून बसवलं होतं. उंट बाप झाला होता. तो वर्तमानपत्रामागे बसतो. मुलगा येऊन सांगतो, मला भीती वाटते. बाप म्हणतो, अभ्यास झाला का? मुलगा म्हणतो, मला रात्री झोप येत नाही. बाप म्हणतो, मग अभ्यास कर. मुलगा म्हणतो, घर जळतंय. बाप पान उलटतो आणि म्हणतो, शेजाऱ्यांचा मुलगा जळत्या घरातसुद्धा पहिला येतो. पाळक आधी घसा खाकरून बसले होते. मग एक हसला. मग सगळे हसले. वळकटीवाले वळकटीवर डोकं ठेवून हसले. आणि मग, शेवटी मुलगा दार ओढून निघून जातो आणि बाप वर्तमानपत्र बाजूला करून विचारतो, “जेवायला कोणीच नाही का?”, तेव्हा हसणं बंद झालं. टंकलिखित प्रवचनं हळूच पिशव्यांत परत गेली.

“मेळावा रद्द,” खजिनदार म्हणाले. “अट पालकांची होती. एकही पालक आलेला नाही.”

म्हातारे पाळक उठले. उठायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

“मला चार मुलं आहेत,” ते म्हणाले. “चौघंही चर्चमध्ये येत नाहीत. सगळ्या गावाच्या पोरांसाठी प्रार्थना केली, आणि घरातल्यांना विचारत राहिलो, अभ्यास झाला का. खजिनदारसाहेब, या खोलीत बसलेल्यांपैकी कोण पालक नाही, त्याने हात वर करावा.”

एक अगदी तरुण, बिनलग्नाचे पाळक होते. त्यांनी हात अर्धा वर केला आणि शेजाऱ्याने तो खाली ओढला.

“पालक हजर आहेत,” म्हातारबा म्हणाले. “आमचं म्हणणं, खोली राहू द्या. लिहून घ्या.”

खजिनदारांना एवढ्या पाळकांसमोर ‘नाही’ म्हणता येईना. आमचे पाळकसाहेब म्हणाले, “दोघांचंही बरोबर आहे,” आणि त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा निर्णय दुसऱ्या बाजूने लागला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण चांगली गोष्ट संस्थेच्या हाती लागली की तिचं काय होतं, हे सांगितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

खोली वाचली. इतकी वाचली की ओळखू येईना. आलेल्या पाळकांनी आपापल्या गावी जाऊन गवगवा केला, वरून शाबासकीचा संदेश आला, आणि खजिनदारांना एकाएकी तरुणांचा उमाळा दाटून आला. ‘आदर्श तरुण केंद्र’ झालं, आणि अध्यक्ष खजिनदार. चुन्याच्या भिंतींना तेलरंग लागला. पायपेटी भंगारात गेली. मोडकं व्यासपीठ सरपणात गेलं. गुळगुळीत फरशी आली आणि ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी आली. खुर्च्या मांडल्या गेल्या. हो, त्याच घडीच्या खुर्च्या. शेवटी त्या आत आल्याच. दर शनिवारी एक पाहुणे पाळक येऊन ‘तरुणांशी हितगुज’ करत. हितगुजात बोलायचं पाळकांनी, गुज तरुणांनी ऐकायचं.

दोन शनिवार पोरं गेली. तिसऱ्या शनिवारी कुणी गेलं नाही.

“बघा!” खजिनदार म्हणाले. “सगळं करून दिलं. तरी येत नाहीत. ही पिढीच नतद्रष्ट!” असं म्हणणारे खजिनदार अजूनही प्रत्येक मंडळीत आहेत, आणि त्यांच्या चकचकीत खोल्या अजूनही रिकाम्याच आहेत.

त्या तिसऱ्या शनिवारी वेलांटीकाका घरी बसले होते. मेळाव्यातल्या त्या भांडणानंतर लेक पुन्हा गप्प झाली होती. खोली नाही, म्हणजे शनिवार नाही, म्हणजे ते एक वाक्यही नाही. बायकोने दोनदा विचारलं, “काय झालंय?” ते दोनदा म्हणाले, “काही नाही.” तिने तिसऱ्यांदा विचारलं नाही. उगाचच चहाचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात उंट होता, वाकून उभा. त्याच्यामागे जिना भरला होता.

“काकू, आत येऊ?” उंट म्हणाला. “बाहेर कुत्रं आहे.”

कुत्रं नव्हतं. काकूंनी विचारलंही नाही. पोरं आत आली ती पलंगावर, खिडकीत, जमिनीवर, शिवणयंत्रावर, जिथे बूड टेकेल तिथे बसली आणि वाद सुरू झाला. मेल्यावर माणूस आपल्या लोकांना ओळखतो का? एकाच वेळी सहाजण बोलत होते. वरून विमेवाल्यांनी काठीने जमीन ठोकली. भिंतीपलीकडून नर्सबाई ओरडल्या, “मला नाईट ड्यूटी आहे!” काका पलंगाच्या कडेला अंग चोरून बसले होते, आपल्याच घरात, पाहुण्यासारखे. कुणीतरी ‘मी म्हटली’ म्हणालं. त्यांनी ते जाऊ दिलं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. लेक हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने घरभर नजर टाकली. मुंगी शिरायला जागा नव्हती. मग तिने गुडघ्याने त्यांचा गुडघा ढकलला.

“बाबा, सरका जरा,” ती म्हणाली. “मला बसायचंय.”

काका सरकले.